पाठपोट झेरॉक्स काढताना यंत्राच्या आत कागद कसा उलटतो?

वाचनालय_कार्यवाह

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या जुन्या सभांची इतिवृत्ते फुलस्केप कागदावर टंकलेली आहेत. बहुतेक कागदांवर एकाच बाजूला मजकूर आहे, थोड्या कागदांवर तो दोन्ही बाजूंना आहे, आणि काही पाने म्हणजे कार्बन लावून काढलेल्या पातळ प्रती आहेत. या सगळ्याच्या ए-४ आकारात पाठपोट प्रती काढून त्यांचे पाच संच बांधून घ्यायचे, असे कार्यकारी मंडळाने ठरवले आहे. कागद निम्मा लागावा हा हेतू आहेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सभासदांच्या हाती जाडजूड बाड न पडता नीट उघडून वाचता येईल असे पुस्तक पडावे, अशी आमची इच्छा आहे.

नमुना म्हणून एका दुकानातून थोड्या प्रती काढून आणल्या. त्यांत काही कागदांची मागची बाजू उलटी आली, म्हणजे पान उलटले की मजकूर खाली डोके वर पाय असा दिसतो. कागद उजेडासमोर धरला तर पुढच्या आणि मागच्या ओळी एकमेकींवर बसत नाहीत, मागचा मजकूर किंचित सरकलेला आहे. स्पायरल बाइंडिंग केल्यावर मागच्या पानांवरील ओळींची शेवटची अक्षरे भोकांत गेली. मध्येच एक कागद अडकला, तेव्हा दुकानातील मुलाने यंत्राचे दार उघडून तो बाहेर काढला. त्यावर सहावे पान छापलेले होते आणि दुसरी बाजू पूर्ण कोरी होती. पाचवे पान छापण्याआधी यंत्राने सहावे का छापले असावे, हे मला उमगलेले नाही.

पाठपोट प्रत काढताना यंत्राच्या आत नेमके काय घडते, दोन्ही बाजू एकाच वेळी छापल्या जातात की एकामागून एक, आणि वरील दोष यंत्राचे आहेत की ते चालवण्याच्या पद्धतीचे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. पुढचे काम दुकानदाराला नीट समजावून द्यायचे, तर आधी आम्हाला ते समजले पाहिजे.

फिरता_तंत्रज्ञ

नमस्कार कार्यवाह साहेब. मी या यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करतो. आपला प्रश्न चांगला आहे, कारण आपण सांगितलेल्या चारही गोष्टींचे मूळ बहुतांशी एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे कागद यंत्राच्या आत कसा उलटवला जातो यात.

पहिली गोष्ट अशी की आजच्या डिजिटल यंत्रात वाचणे आणि छापणे ही दोन वेगळी कामे आहेत. वरचा भाग आपला मूळ कागद वाचून त्याचे चित्र स्मृतीत साठवतो, आणि खालचा भाग त्या साठवलेल्या चित्रावरून कोऱ्या कागदावर छापतो. त्यामुळे मूळ एका बाजूचे असले तरी प्रत दोन बाजूंची काढता येते, किंवा मूळ दोन बाजूंचे असले तरी प्रत एका बाजूची काढता येते. यंत्राच्या पडद्यावर १→१, १→२, २→२ आणि २→१ असे जे पर्याय दिसतात, त्यांचा अर्थ हाच. आपल्या बहुतेक कागदांसाठी १→२ हा पर्याय लागेल आणि दोन्ही बाजूंनी टंकलेल्या कागदांसाठी २→२. दोन्ही प्रकारचे कागद एकाच गठ्ठ्यात घालून एकच पर्याय निवडला, तर मधेच कोरी पाने येतात किंवा मागचा मजकूर सुटतो. म्हणून गठ्ठे आधीच वेगळे करावेत. बऱ्याच यंत्रांत वेगवेगळे गठ्ठे वेगवेगळ्या पर्यायांनी वाचून एकच काम म्हणून छापण्याची सोय असते, ती दुकानदाराला विचारावी.

आता वाचण्याबद्दल. झाकणावर जो फीडर असतो, त्यात कागद एका अरुंद काचपट्टीवरून सरकतो आणि सरकता सरकताच वाचला जातो. जुन्या पद्धतीच्या फीडरमध्ये एकच संवेदक असतो. तो पहिली बाजू वाचतो, मग रोलर कागदाला मागे ओढून उलटवतात आणि दुसरी बाजू त्याच पट्टीवरून जाते. अनेक फीडर त्यानंतर कागद तिसऱ्यांदा, काहीही न वाचता, पुन्हा उलटवतात, जेणेकरून बाहेर पडणाऱ्या मूळ कागदांचा क्रम बिघडू नये. नव्या फीडरमध्ये कागदाच्या दोन्ही अंगांना एकेक संवेदक असतो आणि दोन्ही बाजू एकाच फेरीत वाचल्या जातात. वाचण्याच्या बाबतीत 'दोन्ही बाजू एकाच वेळी' हे शक्य आहे ते असे. दोन संवेदकांच्या फीडरमधून काढलेल्या २→२ प्रतींवर फक्त मागच्या पानांवर उभी काळी रेघ येत असेल, तर दुसऱ्या संवेदकाच्या काचेवर धूळ किंवा व्हाइटनरचा कण बसलेला आहे असे समजावे. मऊ कोरड्या फडक्याने तो निघतो.

छापण्याच्या बाबतीत मात्र दुकानात आढळणाऱ्या जवळजवळ सगळ्या यंत्रांत एकाच वेळी एकच बाजू छापली जाते. ड्रम, म्हणजे ज्यावर चित्र तयार होऊन मग कागदावर उतरते तो दंडगोल, एकच असतो (रंगीत यंत्रात चार असले तरी ते सगळे कागदाच्या एकाच अंगाला काम करतात). कोरा कागद ट्रेमधून निघतो, रजिस्ट्रेशन रोलरपाशी क्षणभर थांबून सरळ होतो, ड्रमला किंवा पट्ट्याला लागून टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, घेतो आणि फ्यूझरमधून जातो. फ्यूझरमध्ये एक रोलर तापलेला असतो आणि दुसरा दाब देतो, त्यामुळे टोनर वितळून कागदाला धरतो. एका बाजूची प्रत असेल तर कागद इथून बाहेर पडतो. पाठपोट प्रत असेल तर खरी गंमत इथे सुरू होते आणि ती डोळ्यांनी पाहता येते. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर कागद बाहेर पडण्याच्या फटीकडे लक्ष ठेवा. कागद अर्ध्याहून अधिक बाहेर येतो, आता पडणार असे वाटते तोच थबकतो आणि परत आत ओढला जातो. बाहेर काढणाऱ्या रोलरांनी कागदाचे शेपूट घट्ट धरून ठेवलेले असते आणि त्याच क्षणी ते उलट्या दिशेने फिरू लागतात. मधल्या काळात प्लॅस्टिकची एक छोटी झडप खाली-वर होऊन वाट बदलते, त्यामुळे कागद फ्यूझरकडे परत न जाता बाजूच्या डुप्लेक्सच्या, म्हणजे पाठपोट छपाईच्या, वाटेने खाली उतरतो आणि पुन्हा रजिस्ट्रेशन रोलरपाशी येतो. या वळणात त्याची कोरी बाजू ड्रमच्या दिशेला आलेली असते. काही मोठ्या यंत्रांत हा उलट-प्रवास बाहेर न होता आतल्या वेगळ्या कप्प्यात होतो, पण तत्त्व तेच.

लक्षात घ्यायची बाब ही की, या उलटण्यात कागदाचे शेपूट तोंड होते आणि तोंड शेपूट होते. आपल्या उलट्या पानांचे कारण इथे आहे. ए-४ कागद आखूड कडेने पुढे जात असेल आणि यंत्राने दुसऱ्या बाजूचे चित्र जसेच्या तसे छापले, तर मागचा मजकूर पुढच्याच्या उलट्या दिशेने येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे पान वर उलटून वाचायचे असेल तर हेच बरोबर असते. पुस्तकासारखे डावीकडे उलटायचे असेल, तर दुसऱ्या बाजूचे चित्र स्मृतीतच १८० अंशांतून फिरवून मग छापावे लागते. कागद लांब कडेने पुढे जात असेल तर उलट घडते, म्हणजे पुस्तकी पद्धत आपोआप जमते आणि कॅलेंडर पद्धतीसाठी चित्र फिरवावे लागते. हे फिरवण्याचे काम यंत्र स्वतः करते, परंतु प्रत पुस्तकी हवी की कॅलेंडरसारखी, आणि मूळ कागद यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे त्याला सांगावे लागते. वरच्या कोपऱ्यात टॅग बांधलेल्या फायलीतील कागद पुष्कळदा कॅलेंडर पद्धतीने टंकलेले असतात. तसे थोडे कागद आपल्या गठ्ठ्यात असतील आणि सगळ्यांना एकच सेटिंग लावले असेल, तर 'काही' पानांचीच मागची बाजू उलटी येणार.

सहाव्या पानाचे कोडेही यातूनच सुटते. प्रती बाहेरच्या ट्रेमध्ये छापील बाजू खाली करून पडतात, म्हणजे शेवटी छापलेली बाजू खाली असते. संच उचलून सुलटा केल्यावर १, २, ३, ४ असा क्रम लागायचा, तर प्रत्येक कागदावर आधी मागचे पान आणि नंतर पुढचे पान छापणे सोयीचे पडते. म्हणून तिसऱ्या कागदावर आधी सहावे पान छापले गेले, पाचवे त्यानंतर छापले जाणार होते आणि तेवढ्यात कागद अडकला. शिवाय एक कागद उलटून परत येईपर्यंत ड्रम रिकामा राहू नये म्हणून यंत्र मधल्या वेळात पुढचा कागद घेते. अशा यंत्रात छपाईचा क्रम २, ४, १, ६, ३, ८, ५ असाही असू शकतो. यंत्रागणिक हा क्रम बदलतो, पण एका क्षणी दोन-तीन कागद वाटेत असणे अगदी नेहमीचे आहे. त्यामुळे कागद अडकल्यावर एकच कागद काढून दार लावू नये, डुप्लेक्सचे बाजूचे दार उघडून त्या वाटेत दुसरा कागद आहे का तेही पाहावे. कोणती पाने पुन्हा छापायची याचा हिशेब यंत्र ठेवते, माणसाने हाताने पाने भरायला जाऊ नये, अन्यथा संचात पाने दुबार येतात.

कराडचा_दुकानदार

तंत्रज्ञ साहेबांनी आतली बाजू उत्तम सांगितली आहे. मी झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान चालवतो, त्यामुळे गल्ल्याच्या या बाजूने थोडे लिहितो.

बाइंडिंगमध्ये अक्षरे जाण्याचे कारण समासाचे आहे. एका बाजूच्या प्रतीत सगळी पाने डावीकडेच बांधली जातात, म्हणून डावा समास मोठा असला की भागते. पाठपोट प्रतीत मात्र मागच्या पानाची बांधणीची कड उजवीकडे येते. टंकलेखन यंत्रावर टंकलेल्या जुन्या कागदांत डावीकडे भरपूर जागा आणि उजवीकडे जेमतेम जागा असते, त्यामुळे जसेच्या तसे छापले की मागच्या पानावर ओळींची टोके भोकांत जातात. यासाठी यंत्रात समास सरकवण्याची सोय असते. ती चालू केली की पुढचे पान काही मिलिमीटर उजवीकडे आणि मागचे पान तितकेच डावीकडे सरकते. स्पायरलसाठी दहा ते बारा मिलिमीटर मी पुरेसे धरतो.

आपले कागद फुलस्केप आहेत ही यात सोयीचीच गोष्ट आहे. साडेआठ बाय तेरा इंचांचा कागद ए-४ च्या उंचीत बसवायचा तर ९० टक्क्यांवर आणावा लागतो. तसे केले की रुंदी सुमारे १९४ मिलिमीटर होते आणि ए-४ ची रुंदी २१० मिलिमीटर असल्यामुळे जवळपास १६ मिलिमीटर जागा मोकळी राहते. ही सगळी जागा बांधणीच्या कडेला घ्यावी. काठापर्यंत अक्षरे असतील तर ८८ किंवा ८९ टक्के ठेवावे, कारण कागदाच्या अगदी कडेच्या काही मिलिमीटरच्या पट्टीत यंत्र छापत नाही. दुकानदाराला 'ए-४ मध्ये बसवा' एवढेच सांगितले तर तो आपोआप आकार जुळवणारे बटण दाबेल, मजकूर मध्यावर येईल आणि मोकळी जागा दोन्हीकडे वाटली जाईल. म्हणून टक्के आणि समास दोन्ही कागदावर लिहून द्यावेत.

कागदाचे म्हणाल तर पाठपोट कामाला ७० जीएसएमपेक्षा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) ७५ किंवा ८० जीएसएम घ्यावा. पातळ कागदावर मागची अक्षरे पुढे दिसतात आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली रीम पाठपोट कामाला वापरू देऊ नये. दमट कागद पहिल्या फेरीत फ्यूझरमधून गेला की त्यातील ओल वाफ होऊन निघून जाते, कागद कडेला वळतो आणि दुसऱ्या फेरीत वळणावर अडकतो. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये एका बाजूच्या कामाला कधी न अडकणारे यंत्र पाठपोट कामाला अडकते ते यामुळेच. रीम आपल्यासमोर फोडून घ्यायला सांगण्यात काहीही गैर नाही.

दराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण गिऱ्हाईक पुष्कळदा नाराज होते. पाठपोट प्रतीत फक्त कागद निम्मा लागतो. टोनर, ड्रमची झीज आणि यंत्राच्या मीटरवरचा आकडा दोन पानांचाच असतो. त्यामुळे पाठपोट पानाचा दर निम्म्यावर येत नाही.

न्यायालयीन_टंकलेखक

समासाचा मुद्दा निघाला आहे म्हणून एक उपयुक्त उदाहरण देतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये परिपत्रक काढून १ एप्रिल २०२० पासून न्यायालयीन कामकाजासाठी ए-४ कागद दोन्ही बाजूंनी छापून वापरण्याची पद्धत सुरू केली. त्याआधी लीगल आकाराच्या कागदावर एकाच बाजूने छापण्याची रीत होती. त्या परिपत्रकात कागद किमान ७५ जीएसएमचा असावा असे म्हटले आहे, आणि डावा व उजवा समास प्रत्येकी ४ सेंटिमीटर, तर वरचा व खालचा प्रत्येकी २ सेंटिमीटर सांगितला आहे. दोन्ही बाजूंचे समास सारखे आणि इतके प्रशस्त ठेवले की पान पुढचे असो वा मागचे, टाके किंवा भोके मजकुराला लागत नाहीत आणि समास सरकवण्याच्या सोयीवर अवलंबून राहावे लागत नाही. आपली इतिवृत्ते आधीच टंकलेली असल्यामुळे हे तिथे लागू होणार नाही, परंतु संचाची प्रस्तावना आणि अनुक्रमणिका आपण नव्याने टंकून घेणार असाल, तर ती याच मापात घ्यावीत.

वाचनालय_कार्यवाह

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फिरता_तंत्रज्ञ यांचे उत्तर वाचून नमुन्याच्या प्रती पुन्हा तपासल्या. उलटी आलेली सगळी पाने टॅग बांधलेल्या एकाच फायलीतील आहेत आणि त्या फायलीतील मूळ कागद खरोखरच वर उलटून वाचायचे आहेत. ते कागद वेगळे काढले आहेत.

तीन शंका उरतात. दोन्ही बाजू एकाच फेरीत छापण्यात अडचण नेमकी कोणती आहे? पुढच्या-मागच्या ओळी किंचित सरकतात, त्यावर उपाय आहे का? आणि कार्बन प्रतींचे पातळ कागद फीडरमधून घालावेत का? ते कागद पुन्हा मिळण्यासारखे नाहीत, म्हणून विचारतो.

विज्ञान_शिक्षिका

पहिल्या शंकेचे उत्तर मी देण्याचा प्रयत्न करते, कारण हा विषय स्थिर विद्युत शिकवताना मी वर्गात नेहमी घेते.

झेरॉक्सची छपाई दाबाने होत नाही, ती विद्युतभाराच्या ओढीने होते. ड्रमवर प्रकाशसंवेदी पदार्थाचा थर असतो. अंधारात तो विद्युतभार धरून ठेवतो आणि प्रकाश पडला की तेवढ्या भागातील भार निघून जातो. डिजिटल यंत्रात लेसर किंवा एलईडीच्या ओळीने अक्षरांच्या जागी प्रकाश पाडला जातो, आणि तिथे टोनरची भुकटी जाऊन बसते. टोनरचे कण पाच ते दहा मायक्रॉनचे असतात आणि त्यांच्यावरही भार असतो. आता ही भुकटी ड्रमवरून कागदावर यायची, तर कागदाच्या पाठीमागून तिला ओढणारे काहीतरी हवे. ते काम कागदाच्या दुसऱ्या अंगाला असलेला ट्रान्सफर रोलर करतो. त्यावर टोनरच्या विरुद्ध प्रकारचा विद्युतदाब दिलेला असतो, त्या ओढीने भुकटी ड्रम सोडते आणि कागदावर उतरते.

म्हणजे एका अंगाला छापायचे असेल तर दुसरे अंग ओढणाऱ्या रोलरने अडवलेले असते. शिवाय कागदावर उतरलेली भुकटी अजून नुसती पडून असते, बोट लावले तरी पुसली जाते. फ्यूझरमध्ये साधारण दीडशे ते दोनशे अंश सेल्सिअस तापमानाला तिच्यातील राळेसारखा पदार्थ वितळून कागदाच्या तंतूंत शिरतो, तेव्हाच ती पक्की होते. पक्की होण्याआधी कागद उलटवला, तर पहिली बाजू वाटेतल्या प्रत्येक रोलरला फासली जाईल. त्यामुळे छापा, पक्के करा, उलटवा, पुन्हा छापा आणि पुन्हा पक्के करा हा क्रम साध्या यंत्राला चुकत नाही. दोन्ही अंगांना स्वतंत्र छपाई-यंत्रणा ठेवून एकाच फेरीत पाठपोट छापणारी यंत्रेही बनली आहेत. ओसे कंपनीच्या व्हेरिओप्रिंट ६००० मालिकेत हीच रचना आहे, पण ती मोठ्या छपाई केंद्रांसाठीची अवजड यंत्रे आहेत.

दुकानदारांनी ओलीबद्दल जे लिहिले आहे, त्याला आणखी एक पैलू आहे. दमट कागद थोडासा विद्युतवाहक होतो, ओढणारा भार त्यातून झिरपून जातो आणि टोनर नीट उतरत नाही, म्हणून अक्षरे फिकी किंवा ठिपक्याठिपक्यांची येतात. उलट, एकदा फ्यूझरमधून गेलेला कागद फार कोरडा असतो. एकाच कागदाची पहिली आणि दुसरी बाजू विद्युतदृष्ट्या सारखी वागत नाही. चांगली यंत्रे म्हणूनच दोन बाजूंसाठी ट्रान्सफर रोलरचा विद्युतदाब वेगवेगळा ठेवतात.

या सगळ्याचा उगम मला फार मोलाचा वाटतो. चेस्टर कार्लसन हे न्यूयॉर्कमध्ये पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट विभागात काम करत होते, आणि कागदपत्रांच्या प्रती मिळवण्याची अडचण त्यांना रोज जाणवत होती. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अस्टोरिया भागातील एका खोलीत त्यांनी आणि त्यांचे सहायक ओटो कॉर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला, काचेवर शाईने लिहिलेली तारीख आणि अस्टोरिया हे नाव त्यावर ठेवून प्रकाश पाडला, वर लायकोपोडियमची भुकटी भुरभुरवली आणि उरलेली अक्षरे मेणकागदावर उचलून घेतली. मेण तापवून भुकटी पक्की करणे ही शेवटची पायरी तिथेही होतीच. पुढे १९५९ मध्ये आलेल्या झेरॉक्स ९१४ या पहिल्या यशस्वी कार्यालयीन यंत्रात फ्यूझरच्या उष्णतेने अडकलेला कागद पेट घेऊ शकत असे, म्हणून सोबत छोटे अग्निशामक द्यावे लागे. आजच्या यंत्रात तोच कागद दोनदा त्या उष्णतेतून सुखरूप जातो, तेव्हा तापमानावर किती बारीक नियंत्रण आले आहे हे लक्षात येते.

फिरता_तंत्रज्ञ

विज्ञान_शिक्षिका यांनी कारणमीमांसा नेमकी मांडली आहे. उरलेल्या दोन शंका मी घेतो.

ओळी सरकण्याला दोन कारणे असतात. एक यांत्रिक आहे. उलटून आलेला कागद रजिस्ट्रेशन रोलरपाशी किंचित डावी-उजवीकडे पोचतो. झिजलेले रोलर किंवा ट्रेमधील कागदाला सैल टेकलेल्या बाजूच्या पट्ट्या यामुळे हे वाढते. दुकानदाराने ट्रेच्या पट्ट्या कागदाला बेताच्या टेकवल्या तरी पुष्कळ फरक पडतो. बहुतेक यंत्रांत पुढची आणि मागची बाजू स्वतंत्रपणे मागे-पुढे सरकवण्याचे समायोजनही असते, ते सर्व्हिस करणाऱ्याकडून करून घ्यावे. दुसरे कारण कागदाचे आहे. पहिल्यांदा फ्यूझरमधून जाताना ओल निघून गेल्यामुळे कागद अगदी थोडा आकसतो. हा आकस ०.३ टक्के धरला, तरी ए-४ च्या २९७ मिलिमीटर उंचीत तो जवळपास एक मिलिमीटर होतो. पहिली बाजू आकसण्याआधी छापलेली आणि दुसरी आकसल्यावर छापलेली, त्यामुळे वरची ओळ जुळवली तर खालची चुकते. छपाईच्या मोठ्या यंत्रांत दुसऱ्या बाजूचे चित्र तितकेच लहान करून हे भरून काढतात. आपल्या कामाला कोरडा, ताजा कागद एवढा उपाय पुरेसा आहे. जुन्या टंकलेल्या कागदांवर ओळींची जागाच पानापानाला वेगळी असते, तेव्हा पुढच्या-मागच्या ओळी तंतोतंत जुळण्याचा आग्रह धरू नये. बांधणीचा समास सगळीकडे सारखा आहे ना, एवढे पाहावे.

कार्बन प्रतींचे कागद फीडरमध्ये कदापि घालू नयेत. फीडरचा रबरी रोलर गठ्ठ्यातून एक कागद ओढून सुटा करतो, आणि २→२ मध्ये तोच कागद आत पुन्हा वळवला जातो. जीर्ण कागद तिथे चुरगळतो किंवा फाटतो. असे कागद काचेवर एकेक ठेवावेत. १→२ निवडून पहिले पान वाचायचे, मग दुसरे ठेवायचे, आणि सगळी वाचून झाली की छपाईची आज्ञा द्यायची. प्रत्येक पान काचेवर एकाच दिशेने ठेवावे, कारण इथे उलटे ठेवलेले पान यंत्राला ओळखता येत नाही. कार्बन प्रतीच्या मागे कोरा काळा कागद ठेवला की मागील बाजूची अक्षरे उमटत नाहीत, आणि गडदपणा एक-दोन पायऱ्यांनी वाढवला की फिकी अक्षरे वाचता येतात.

आपल्या कागदांच्या दृष्टीने एक समाधानाची गोष्ट आहे. पूर्वीच्या, स्मृती नसलेल्या यंत्रांत पाच प्रतींसाठी मूळ कागदावर पाच वेळा दिवा फिरत असे, आणि पाठपोट काम असेल तर पहिल्या बाजूच्या सगळ्या प्रती आतल्या एका ट्रेमध्ये साठवून, मूळ कागद उलटून, त्याच प्रती पुन्हा खाली पाठवल्या जात. ट्रेमध्ये मावतील तितक्याच प्रती एका वेळी निघत. आता मूळ कागद एकदाच वाचला जातो आणि पाचही संच स्मृतीतून छापले जातात. तेच वाचलेले चित्र पीडीएफ म्हणून पेनड्राइव्हवर जतन करून घ्यावे, म्हणजे पुढे सहावा संच लागला तरी मूळ फायली पुन्हा उघडाव्या लागणार नाहीत.

वाचनालय_कार्यवाह

अत्यंत आभारी आहे. गठ्ठे करण्याचे काम आम्ही सुरू केले आहे: फीडरमध्ये चालतील असे एका बाजूचे, फीडरमध्ये चालतील असे दोन बाजूंचे, वर उलटायचे आणि काचेवरच ठेवायचे. शेवटचे एकच विचारतो. आमच्याकडे जुन्या परिपत्रकांचे पाठकोरे कागद पुष्कळ साठले आहेत. मुद्रितशोधनासाठीचा पहिला कच्चा संच त्यांच्या कोऱ्या बाजूवर काढला तर चालेल का?

कराडचा_दुकानदार

कच्च्या संचासाठी चालेल, पण काही अटींवर. टाचणी किंवा स्टेपलची पिन एकाही कागदात राहता कामा नये, कारण एक पिन ड्रमला कायमचा ओरखडा पाडू शकते आणि ते नुकसान मोठे असते. दुमडलेले, कोपरा फाटलेले आणि गोंद किंवा चिकटपट्टी लागलेले कागद बाजूला काढावेत. लेसर किंवा झेरॉक्सवर छापलेले पाठकोरे कागद बहुधा निभतात. रबरी शिक्का ओला उमटलेले किंवा इंकजेटवर गडद छापलेले कागद मात्र घालू नयेत, रोलर मळतात आणि तो मळ पुढच्या प्रतींवर उतरतो.

हे कागद मुख्य ट्रेमध्ये न भरता बायपास ट्रेमधून थोडे थोडे द्यावेत, आणि त्याआधी गठ्ठा पिसून मोकळा करावा, नाहीतर दोन कागद एकदम ओढले जातात. कोरी बाजू वर ठेवायची की खाली, हे यंत्रावर अवलंबून असते. एका कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने खूण करून एक प्रत काढून पाहिली की लगेच कळते. छपाईचा पर्याय अर्थातच १→१ ठेवावा लागेल, १→२ राहिला तर दुसरे पान जुन्या परिपत्रकावर छापले जाईल. आणि परिपत्रकांत सभासदांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक किंवा बँकेचा तपशील असेल, तर ते कागद दुकानात न पाठवता फाडून टाकावेत.